न बोलता टाकलेला कलदार

केरबा, तुझी तीन पानं माझ्या पागोट्यात हायत. उपडी हायत. मी पाहिली न्हाईत.

हे आधी सांगून टाकतो, कारण तू असतास तर पहिलं तेच विचारलं असतंस. बाकी लोक तुझ्यामागं काय काय बोलून राहिले. देवमाणूस होता म्हणतात. देवमाणूस कसला? हट्टी होतास, तोंडाळ होतास, आणि पत्त्यात तुझ्यासारखा बेरकी कळमनुरीच्या गाडीतळावर दुसरा न्हवता. तुझा तेरावा नदीपलीकडं झाला, आमाला काही कळलं न्हाई, म्हणून गाव आता तुझ्या नावानं जेवण घालून राहिलंय. शाळामास्तर म्हणला, दाजीबा, दोन शब्द लिहून द्या, पंगतीआधी वाचू, मी जरा शुद्ध करून घेतो. म्हणलं, लिहितो, पण तुमी हात लावायचा न्हाई. मी तिसरी शिकलेला माणूस. जसं येतं तसं येतं. तुला तेवढंही येत न्हवतं, म्हणून मास्तर वाचंल तवा नीट ऐक.

ऐकणाऱ्यात नवी पोरं असतील, त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. तुला ठाऊक हाय ते पुन्हा ऐकून घे. जन्मभर तू मला तेच ते ऐकवलंस.

बाजाराच्या दिवशी कळमनुरीला आपल्या दोन गाड्या जायच्या. तुझी पुढं, माझी मागं. माल उतरला, सौदा झाला की ऊन उतरेस्तोवर गाडीतळावर बाभळीखाली थांबायचं. बैल सोडलेले, गाड्यांची जुवं खाली टेकलेली, मधी माझी घोंगडी. तिच्यावर आपण चौघं. तू, मी, लक्षुमण तेली आणि बैलांचा व्यापारी गुलाबभाई. तीन तीन पानांचा डाव. ज्याला पानं बरी वाटली त्यानं पैसा टाकावा, न्हाई त्यानं पानं ठेवून द्यावीत. शेवटी दोघंच उरले आणि दुसऱ्यानं पहिल्याइतका पैसा टाकला की बराबर झालं, दोघांनी पानं उघडायची. दुसऱ्यानं जास्ती टाकला तर ती वाढ, मग पहिल्यानं परत विचार करायचा. एवढाच खेळ. त्यापायी कुणाचं घर बुडालं न्हाई. आण्या-दोन आण्यांचं काम.

पण भांडणं रुपयाची.

आणि निम्मी भांडणं लक्षुमणापायी. आणा ठेवायचा आणि त्यावर बोट दाबून बसायचा. सगळ्यांची तोंडं पाहायची, कुणाचं तोंड उतरलं की बोट उचलायचं, न्हाई तर आणा परत ओढायचा. एकदा तू म्हणलास, "लक्षुमणा, अंडं उबवून राहिलास काय? पिल्लू निघालं की सांग." गुलाबभाई इतका हसला की त्याच्या तोंडातलं पान माझ्या घोंगडीवर पडलं. तो डाग अजून हाय. त्या दिवशी आपण कायदा केला, हात सुटला की पैसा घोंगडीचा. मग लक्षुमणानं नवी खोड काढली, एक आणा ठेवायचा, दम घ्यायचा, मग दुसरा ठेवायचा. त्यावर दुसरा कायदा, एका पाळीला हात एकदाच. बराबर झाल्याबिगर कुणी पानं उघडली तर ती मेली, हाही कायदा. असे एकेक होत गेले. निजामाच्या कचेरीत न्हवते तेवढे कायदे माझ्या घोंगडीवर होते, आणि पाळले जात होते.

त्यातला एक कायदा तू एकट्यानं केलास. तो माझ्यासाठी केलास, हे मी तुला कधी बोलून दाखवलं न्हाई, पण मला ठाऊक होतं. डाव ऐन रंगात असताना माझा पांढरा बैल दावं तोडून पळाला. मी पानं उपडी ठेवून त्याच्यामागं धावलो. तो गेला थेट मिरचीच्या ढिगापर्यंत. बाजारभर लोकांच्या शिव्या खात, शिंकत शिंकत त्याला धरून आणलं, तोवर चांगला उशीर झाला. आलो तर लक्षुमण म्हणून राहिला, "उठून गेलेल्या माणसाची पानं मेली. डाव माझा." आणि तू माझ्या पानांवर तुझी तंबाखूची चंची ठेवून बसलेला, कुणी हात लावू नये म्हणून. तू म्हणलास, "माणूस उठला म्हणजे त्यानं डाव सोडला असं न्हाई. गाड्या जुंपेस्तोवर त्याची वाट पाहायची. शेवटच्या गाडीचं जू बैलाच्या मानेवर आलं की मग मेली त्याची पानं, तवर न्हाई." लक्षुमण पुष्कळ कुरकुरला. गुलाबभाई म्हणला, "हौ, ये बराबर बात है." झाला कायदा.

तो डाव मी हरलो ते वेगळं. तूच हरवलंस.

आता त्या डावाचं. जर्मनची लढाई लागायच्या आदल्या हिवाळ्यातली, दहा वर्षांमागची गोष्ट. तू कापूस नदीपलीकडं उमरखेडला विकून आला होतास. आपल्याकडं निजामाचा हाली रुपया चालतो, पैनगंगा ओलांडली की इंग्रजाचा कलदार. कलदार हालीपेक्षा दोन-अडीच आण्यांनी जड. पलीकडून आलेल्याच्या खिशात कलदारच असायचा, म्हणून घोंगडीवर तो टाकला की वरचे आणे सुट्टे परत घ्यायचे, अशी चाल पडलेली होती. चाल, बरं का. कायदा न्हाई. आपल्या एवढ्या कायद्यांत कलदाराचा कायदा तेवढा करायचा राहिला होता.

लक्षुमणानं त्या दिवशी कोरी गड्डी आणली होती. मला इस्पिकची अठ्ठी, नव्वी, दश्शी आली. ओळीनं तीन, एका रंगाची. जन्मात एकदा येतात तशी. लक्षुमण गळाला, गुलाबभाई गळाला. राहिलो तू आणि मी. मी कधी न्हाई तो अख्खा हाली रुपया टाकला. तू माझ्याकडं पाहिलंस. मग बंडीच्या खिशातून कलदार काढून घोंगडीवर सोडलास. खण्णकन. तोंडातून अक्षर न्हाई.

मी म्हणलं, बराबर झालं. पानं उघडली.

"कुणी उघडायला सांगितलं?" तू म्हणलास. "मी वाढ केली होती. तुझी पानं मेली, दाजीबा."

"वाढ? तोंड उघडलं का तू वाढ म्हणायला?"

"सुट्टे मागितले का मी? बराबर टाकायचं असतं तर वरचे आणे मागितले असते ना. कलदार हालीहून मोठा. पैसाच बोलला, मी काहून बोलू?"

"तुझ्या खिशात कलदाराशिवाय दुसरं होतं काय? जे होतं ते टाकलंस. म्हणजे बराबर. दाखव पानं!"

"न्हाई दाखवत. मेलेल्या पानांना मी पानं दाखवत नसतो."

आणि तू तुझी तीन पानं उचलून पागोट्याच्या घडीत खोवलीस. लोक जमा झाले. मिरचीवाले, बांगडीवाले, सगळे. अर्धे तुझ्याकडून, अर्धे माझ्याकडून. लक्षुमणानं डोकं चालवलं, "अरे, उरलेली गड्डी लावून पाहू ना. कोणती तीन कमी हायत ते आत्ता कळंल." त्या दिवसात तुझं-माझं एकमत झालं ते तेवढंच. दोघंही त्याच्या अंगावर धावलो. तू ओरडलास, "हात तर लाव!" मी म्हणलं, "ज्याची पानं त्यानंच दाखवावी. न्हाई तर ती पानं काय कामाची?"

गुलाबभाईकडं निवाडा गेला. तो बराच वेळ दाढी खाजवत बसला. म्हणला, "डालनेवाले के दिल में क्या था, मेरेकू क्या मालूम? जब तक तुम दोनों एक बात नई बोलते, ये मेरे पास." घोंगडीवरचा सगळा पैसा, तुझा कलदार आणि उरलेली गड्डी त्यानं रुमालात बांधली आणि उठला. नवी गड्डी आणायचं लक्षुमणानं किती वेळा काढलं, पण गुलाबभाई म्हणायचा, "नक्को. पयला डाव मिटने दो."

तो मिटला न्हाई. दुसरा डाव त्या घोंगडीवर पडला न्हाई. तरी दर बाजाराला घोंगडी अंथरली आणि चौघं बसलो. तोच एक डाव तोंडानं खेळलो. येताना तू पुढच्या गाडीत उलटा, माझ्याकडं तोंड करून बसायचास, भांडता यावं म्हणून. तुझ्या बैलांना वाट ठाऊक होती. दोन कोस वाढ, बराबर, वाढ, बराबर. ओढ्याच्या उतारावर एकदा तुझं चाक घसरून तू गाडीतून खाली चिखलात पडलास. चिखलातून पहिला शब्द काय काढलास? "तरी वाढच होती." आता मागून कुणी ऐकलं तर म्हणंल, दोन म्हातारे याडे झाले. होऊ दे. मला तेवढी वाट दुसऱ्या कशासाठी आठवत न्हाई.

आणि माझी बायको गेली तो दिवस. तू सकाळीच आलास, ओसरीवर बसलास. समजुतीचं एक वाक्य बोलला न्हाईस. लोक येऊन बोलून गेले, नशीब, देवाची मर्जी, सगळं बोलले. तू माझ्या बैलांना कडबा टाकलास, पाणी दाखवलंस, घरून भाकरी आणून माझ्यापुढं ठेवलीस, मी खाल्ली न्हाई तर तशीच झाकून ठेवलीस. दिवस मावळायला उठलास, पायरीवर थांबलास आणि हळूच म्हणलास, "ती वाढ होती, दाजीबा."

"बराबर होतं," मी म्हणलं. दिवसभरात माझ्या तोंडातून निघालेले पहिले शब्द. मग मला रडू आलं. तोवर आलं न्हवतं. तू पायरीवर तसाच उभा राहिलास, पाठ करून. त्याबद्दल तुला काही म्हणायचं राहून गेलं. आपल्यात तसं म्हणायची रीत न्हवती.

मग यंदाचं साल आलं. गावं पेटू लागली, रात्री-बेरात्री माणसं येऊ लागली, नदीकाठची गावंच्या गावं उठून पलीकडं वऱ्हाडात गेली. त्याची बोलणी इथं नको. तू तुझी गाडी भरलीस. वैनी, लेकरं, भांडीकुंडी, धान्य. माझ्या दारात गाडी उभी केलीस.

"चल," म्हणलास.

"मी घर सोडत न्हाई."

"घर काय पळून जातंय? माणूस राहिला तर घर."

"न्हाई म्हणलं ना."

मग तू हसलास, तुझं ते बेरकी हसणं. "चल लेका. तिकडं हाली चालतच न्हाई, नुसता कलदार. आपलं भांडण आपोआप मिटंल."

"म्हणूनच येत न्हाई," मी म्हणलं.

तरी उतारापर्यंत आलो तुझ्याबरोबर. नदीला पाणी बेताचं होतं. तुझे बैल पाण्यात शिरले, चाकं बुडाली, पलीकडं निघाली. तू काठावर गाडी थांबवलीस, खाली उतरलास. माझ्याकडं तोंड करून उभा राहिलास आणि हात वर केलास.

केरबा, तो हात कसला होता?

मी तवापासून तोच विचार करून राहिलोय. बोलावलंस का? का निरोप घेतलास? नदी काही एवढी रुंद न्हाई. तुझा आवाज गाडीतळाच्या या टोकाहून त्या टोकाला जायचा. "ये" म्हणला असतास तर ऐकू आलं असतं. एक अक्षर. तू नुसता हात धरलास वर, तळवा माझ्याकडं, बराच वेळ. मग खाली सोडलास. मी तसाच उभा. मी म्हणलं, न बोलता केलेली वाढ मी धरत न्हाई. तुझी गाडी बाभळीआड गेली आणि मी घरी आलो.

मी बराबर केलं. आजही म्हणतो. पण त्यानंतर घरात जी सामसूम झाली ती तुला कशी सांगू. गावात उरलेली घरं बोटावर मोजायची. मागून निजामाचं राज्य गेलं तवा गुलाबभाईलाही वाईट दिवस आले, तो काही रोज माझ्या शेतातल्या आखाड्यावर येऊन लपून राहिला. आमी दोघं जवारीच्या रानात बसून तुझी वाट पाहायचो. तो म्हणायचा, "केरबा रहता तो अब्बी झगडा करता." मी म्हणायचो, व्हय. भांडायला दोन माणसं लागतात ते ठीक, पण त्यातला एक तूच लागतोस. गुलाबभाईला मी किती वेळा म्हणलं, तू केरबाकडून बोल. त्याला जमत न्हवतं. लगेच कबूल व्हायचा.

गडबड मिटली. पलीकडच्या गाड्या परत येऊ लागल्या. मी रोज उताराला जाऊन बसायचो. काम होतं म्हणून न्हाई, उगीच. तुझे बैल मी लांबून ओळखले, डाव्या बैलाचं मोडकं शिंग. मी उठून धोतर झटकलं, तोंडात वाक्यही तयार केलं, "आलास का कलदार खर्चून?" गाडी जवळ आली. कासरा तुझ्या थोरल्याच्या हातात होता. वैनीचं कपाळ मोकळं होतं.

ताप आला म्हणे तुला. पलीकडच्या पावसाळ्यात, लोकाच्या गोठ्यात. आठ-दहा रोज.

वैनीनं पदराच्या गाठीतून तीन पानं काढली. पागोट्यात राहून राहून घामानं मऊ पडलेली. म्हणली, "भाऊजी, हे तुमाला."

"काय म्हणला देताना?"

"काही न्हाई. वाचा बसली होती त्यांची. पागोटं मागितलं खुणेनं, हे काढून माझ्या हाती दिलं, आणि आपल्या गावाकडं बोट केलं."

"बोट केलं म्हणजे? दे म्हणून? का दाखव म्हणून?"

"तेवढंच केलं, भाऊजी." वैनी रडू लागली. मग मी पुढं विचारलं न्हाई.

आता सांग. पानं टाकलीस का माझ्यापुढं, हरलो म्हणून? का उघडून पाहा म्हणलास, तुझी पानं आधीच मेली हायत म्हणून? लेका, मरतानाही तू नीट चाल केली न्हाईस. ही तुझी खोड लक्षुमणाच्या खोडीपेक्षा वाईट. त्याचं बोट तरी दिसायचं.

दसरा झाल्यावर कळमनुरीचा बाजार पुन्हा भरला, पहिल्यासारखा न्हाई, पण भरला. मी घोंगडी नेली. लक्षुमण आला. गुलाबभाई आला, रुमालाची गाठ घेऊन. एवढ्या धामधुमीत त्याची गुरं गेली, घरातलं सामान गेलं, ती गाठ त्यानं कमरेला बांधून ठेवली होती. ती माझ्यापुढं ठेवली आणि म्हणला, "दाजीबा, अब तूच अकेला रह्या. खोल, और ले ले."

लक्षुमण म्हणला, "घे बाबा. समोरचा माणूसच न्हाई, मग डाव तुझाच की. आणि ती तीन पानं एकदा उलटी कर, आमालाबी कळू दे जन्माचं."

मी तुझी पानं पागोट्यातून काढली आणि तू बसायचास तिथं ठेवली. उपडी. त्यावर माझी तंबाखूची चंची ठेवली.

"माणूस उठला म्हणजे त्यानं डाव सोडला असं न्हाई," मी म्हणलं.

लक्षुमणाला लगेच उमगलं न्हाई. गुलाबभाईला उमगलं. त्यानं तोंड फिरवलं आणि बैलांकडं पाहत बसला.

ऊन उतरलं. तळ रिकामा होऊ लागला. मिरचीवाल्यांच्या गाड्या गेल्या, कापसाच्या गेल्या. लक्षुमणानं आपली गाडी जुंपली. म्हणला, "दाजीबा, जुंप आता. दिवस बुडून राहिला." मी म्हणलं, तू हो पुढं. गुलाबभाई पायीच होता, तो माझ्यापाशी थांबला. तळावर माझी एकटी गाडी राहिली, जू खाली टेकलेलं. शेवटची.

ते जू मी उचललं न्हाई, केरबा. तुझी पानं परत पागोट्यात ठेवली, रुमालाची गाठ गुलाबभाईच्या कमरेला बांधली, घोंगडी खांद्यावर टाकली आणि दोन्ही बैलांचे कासरे धरून दोन कोस पायी घरी आलो. वाटेत पुढं कुणी उलटं बसलेलं न्हवतं. बैल सारखे मागं पाहायचे, गाडी कुठं राहिली म्हणून.

आता रब्बीची पेरणी चालली हाय. तिफणीला मी बैल जुंपतो, त्याला काही हरकत न्हाई, ती तिफण हाय, गाडी न्हाई. कायदा गाडीचा होता, तूच केलेला. धान्य डोक्यावर आणतो. माहेरी आलेली लेक म्हणते, लोक हसतात बाबा, गाडी घेऊन या. हसू दे.

पानं पाहायला काय, एक बोट लागतं. रात्री पागोटं उतरून ठेवतो तवा ती हाताला लागतात. मी पाहत न्हाई. तू दाखवल्याशिवाय पाहणार न्हाई. माझी इस्पिकची अठ्ठी, नव्वी, दश्शी त्याच दिवशी सगळ्यांपुढं उघडी पडली, ती मी झाकली न्हाईत. पाळी तुझी हाय.

गाडी कळमनुरीच्या तळावर बाभळीखाली उभी हाय. जू खाली हाय.